साठच्या वेगाला ट्रक का थरथरतो?

जुन्या ट्रकवर धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार त्याच्या ओळखीची असते. गाडी चाळीसपर्यंत मजेत चालते. पन्नास ओलांडले की पायाखालच्या पत्र्यातून बारीक थरथर जाणवू लागते. साठला गिअरचा दांडा गुणगुणतो आणि आरशातली मागची गाडी धूसर दिसते. कधी सत्तरला थरथर थोडी कमीही होते. गॅरेजमध्ये गेल्यावर आधी टायरवर संशय येतो, म्हणून टायर बदलले जातात. मग शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, मग सेंटर बेअरिंग, मग इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचे रबर. प्रत्येक वेळी जुना भाग हातात देऊन मिस्त्री दाखवतो, ‘बघा, किती खराब झाला होता.’ तो खरंच खराब झालेला असतो. तरी थरथर जागच्या जागीच राहते.

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत झिजलेला भाग सापडणं अवघड नाही, तिथे अर्धे भाग झिजलेलेच असतात. अवघड असतं ते या सगळ्यांतला थरथरवणारा कोणता हे ओळखणं. ते अंदाजाने ओळखता येत नाही, मोजून मात्र ओळखता येतं, आणि बरंचसं मोजमाप फुकट होतं. पाना हातात घेण्याआधीचा अर्धा तास वाचवला जातो आणि त्यापायी हजारो रुपयांचे चांगले भाग भंगारात जातात, हे मला मनापासून खटकतं. म्हणून हा लेख.

इंजिनपासून चाकापर्यंत काय काय फिरतं

इंजिन पुढे असतं आणि जोर लागतो मागच्या चाकांना. मधलं अंतर सहाचाकी ट्रकमध्येही काही मीटरचं असतं. इंजिनची गती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या शेपटापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ती नेणारी पोकळ पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. मागे डिफरन्शियलमधला पिनियन नावाचा छोटा दातेरी गिअर मोठ्या क्राउन गिअरला फिरवतो आणि तिथून गती चाकांना मिळते.

गिअरबॉक्स चेसिसला घट्ट बसवलेला असतो, पण मागचा अ‍ॅक्सल कमान पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टांगलेला असल्यामुळे खड्ड्यागणिक वर-खाली होतो. मग शाफ्ट सरळ आणि ताठ ठेवून कसं चालेल? म्हणून त्याच्या टोकांना क्रॉस असतात. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरांच्या टोप्या असतात. एका बाजूचा दुबेळका हात दोन टोकांना धरतो, दुसऱ्या बाजूचा उरलेल्या दोघांना. या दुबेळक्या हाताला योक म्हणतात. असा सांधा वाकलेल्या अवस्थेतही फिरू शकतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. अ‍ॅक्सल हलला की शाफ्टची लागणारी लांबीही बदलते, म्हणून त्यात एक दातेरी सरकता जोड असतो. आणि लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत केलेला असतो. मधल्या ठिकाणी सेंटर बेअरिंग त्याला रबराच्या गादीत पेलून धरतं. दोन तुकडे करण्याचं कारण साधं आहे. लांब नळी विशिष्ट वेगाला मधोमध बाक धरून फिरू लागते आणि हा धोक्याचा वेग लांबीच्या वर्गाने खाली येतो, म्हणजे नळी दुप्पट लांब केली तर तो चौथाईवर येतो. बॉडी लांबवण्यासाठी चेसिस वाढवून शाफ्टला नळीचा तुकडा वेल्ड करून जोडलेल्या गाड्या आपल्याकडे दिसतात. तुमची गाडी तशी असेल, तर पहिला संशय तिथेच घ्या.

फेऱ्यांचा हिशेब

ढोल-ताशा पथकात कोण चुकतंय हे ओळखायचं असेल, तर जाणकार आवाजाच्या मोठेपणाकडे पाहत नाही, लय ऐकतो. ढोलाची लय वेगळी, ताशाची वेगळी. ट्रकमध्येही प्रत्येक फिरणारा भाग आपल्या लयीत फिरतो आणि त्याचा दोष त्याच लयीत हादरे देतो.

समजा, आपल्याकडे दहा-वीसचे (१०.००-२० मापाचे) टायर लावलेला एक जुना सहाचाकी ट्रक आहे. भरलेल्या गाडीचं असं चाक एका फेरीत साधारण ३.२५ मीटर पुढे जातं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ३०८ फेऱ्या मारतं, सेकंदाला जेमतेम ५.

आता डिफरन्शियल पाहू. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ७ असतील, तर चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या ५.८६ फेऱ्या होतात. म्हणजे साठच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे १८०० आणि सेकंदाला ३० फेऱ्या मारतो. टॉप गिअरमध्ये गती थेट जात असेल, तर इंजिनही १८०० वरच असतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत तीन स्फोट होतात, म्हणून त्याचे ठोके सेकंदाला ९० पडतात. आणि क्रॉसच्या कोनातला दोष शाफ्टच्या एका फेरीत दोनदा हादरा देतो, म्हणजे सेकंदाला ६०. असं का होतं ते पुढे येईलच.

५, ३०, ६०, ९०. साठच्या वेगाला या गाडीसाठी हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवले की निम्मं निदान झालं. सेकंदाला ५ हादरे म्हणजे डुलणं, उडणं. सीट आणि स्टिअरिंग हलतं, मनातल्या मनात मोजताही येतं. ३० म्हणजे पायाखालची दाट थरथर, ती मोजता येत नाही. ६० च्या वर ती थरथर कमी आणि गुणगुण जास्त वाटते.

कानावर आणि तळपायावर विश्वास नसेल, तर खिशात साधन आहेच. स्मार्टफोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो आणि व्हायब्रेशन मोजणारी अनेक फुकट अ‍ॅप्स मिळतात. फोन सीटच्या पायथ्याशी, उघड्या पत्र्यावर घट्ट टेपने चिकटवायचा आणि शेजारी बसलेल्याने वाचायचं. चालवणाऱ्याने अजिबात नाही. अ‍ॅप हर्ट्झमध्ये आकडा देतं, म्हणजे सेकंदाला किती हादरे. काही फोनांचा सेन्सर ५० च्या पुढचं नीट पकडत नाही, पण ५ आणि ३० मधला फरक साधा फोनही चुकवत नाही, आणि टायर की शाफ्ट हे भांडण तेवढ्यावर मिटतं.

तुमच्या गाडीचे दात किती हे माहीत नसेल, तर रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करा. मागच्या टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करा आणि चार जणांनी ढकलून चाकाची बरोबर एक फेरी होऊ द्या. एकाने बाजूला उभं राहून शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. एकच चाक जॅकवर उचलून फिरवू नका. दुसरं चाक जमिनीवर असताना डिफरन्शियलमुळे शाफ्ट निम्माच फिरतो आणि सगळा हिशेब चुकतो.

गिअर बदला, वेग तोच ठेवा

सगळ्यात मोलाची चाचणी हीच आहे. मोकळा, सपाट, सरळ रस्ता बघा. ज्या वेगाला थरथर येते तो वेग टॉप गिअरमध्ये धरा. मग एक गिअर खाली घ्या आणि तोच वेग पुन्हा धरा. इंजिनला त्याची मर्यादा ओलांडू देऊ नका. गरज पडली तर थरथर जिथे नुकती सुरू होते तो खालचा वेग निवडा.

चाकं आणि शाफ्ट दोन्ही वेळा तितक्याच वेगाने फिरली, फक्त इंजिन जास्त फिरलं. थरथर जशीच्या तशी राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे: शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शियल, ड्रम किंवा चाकं. थरथर गेली किंवा वेगळ्याच वेगाला सरकली, तर ती इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. मग क्लच, फ्लायव्हील, फाउंडेशनचे रबर, इंजेक्टर यांकडे वळायचं. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच फेऱ्यांवर नेलं की त्याची खात्रीही होते.

पुढची पायरी: थरथरत्या वेगाला क्लच दाबून काही क्षण गाडी नुसती वाहू द्यायची. घाटात, उतारावर किंवा रहदारीत हे मुळीच करू नका. जोर काढताच थरथर नाहीशी झाली, तर ती ओढीशी संबंधित आहे. म्हणजे सांध्यांचे कोन, झिजलेला क्रॉस, पिनियनचं बेअरिंग. जोर काढूनही ती तशीच राहिली, तर शाफ्टचं किंवा चाकांचं बॅलन्स बिघडलेलं असण्याची शक्यता मोठी. ही विभागणी दगडावरची रेघ नव्हे, पण पहिला पाना कुठे लावायचा हे ठरवायला पुरेशी आहे.

आणि आकडा ५ चा आला तर शाफ्टला हात लावू नका. टायर गोल आहे का, रिंग वाकलीय का, लॉक रिंग नीट बसलीय का, रिमोल्ड (जुन्यावर नवा पट्टा चढवलेल्या) टायरचा पट्टा एका जागी फुगलाय का, हे पाहा. नायलॉनचे टायर असतील आणि गाडी रात्रभर भरलेली उभी असेल, तर टायर खालच्या बाजूला चपटा पडतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी उड्या मारते. टायर गरम झाल्यावर ते जातं. त्यासाठी कुणाला पैसे देण्याची गरज नाही.

क्रॉस गती जशीच्या तशी पुढे देत नाही

आता या विषयाचा गाभा, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

क्रॉस वाकलेला असताना एका बाजूने अगदी एकसारखी गती दिली, तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी येत नाही. एका फेरीत दोनदा ती थोडी वाढते आणि दोनदा थोडी कमी होते. हा झिजलेल्या क्रॉसचा दोष नाही. कोऱ्या, उत्तम क्रॉसचाही हा जन्मजात स्वभाव आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने हा सांधा वर्णिला, तेव्हापासून तो तसाच आहे.

चढउतार किती, हे कोनावर ठरतं. शाफ्ट १८०० फेऱ्यांवर असेल आणि सांधा ३ अंशात वाकलेला असेल, तर पुढची गती सुमारे अडीच फेऱ्या वर-खाली होते. ६ अंशांना १० फेऱ्या. १२ अंशांना जवळपास ४०. कोन दुप्पट केला की चढउतार चौपट होतो. ‘थोडासा तर कोन वाढलाय’ असं म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळे.

मग ट्रक चालतात कसे? शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनात वाकलेला दुसरा क्रॉस असतो. पहिला जेव्हा गती वाढवतो, नेमका तेव्हा दुसरा ती तेवढीच कमी करतो. पिनियनला शेवटी सपाट गती मिळते. मात्र दोन अटी आहेत. दोन्ही कोन जवळजवळ सारखे हवेत, त्यांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. आणि त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. यातली एक जरी मोडली, तरी चढउतार मिटण्याऐवजी उरतो, कधी वाढतोही, आणि सेकंदाला ६० च्या ठेक्याने डिफरन्शियलवर आदळत राहतो.

कोन शून्य ठेवला तर? तेही वाईट. सांधा अजिबात वाकला नाही, तर टोपीतल्या सुया जागच्या जागी राहतात आणि क्रॉसवर एकाच ठिकाणी खाचा पाडतात. म्हणून जाणकार सांधा किमान अर्धा अंश तरी वाकलेला ठेवतात आणि नेहमीच्या धावेत ३ अंशांच्या आत.

छोट्या कारमध्ये हा त्रास का नसतो, असा प्रश्न पडेल. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या कारमध्ये वेगळ्या रचनेचे, गोळ्यांचे सांधे असतात. ते वाकूनही गती एकसारखी देतात. जड ट्रकचा जोर, धूळ आणि दुरुस्तीची सोय पाहता ट्रकमध्ये क्रॉसच टिकून राहिला.

‘नवा क्रॉस टाकला आणि थरथर वाढली’

या तक्रारीत नवा क्रॉस बहुधा निर्दोष असतो. चूक बसवण्यात झालेली असते.

शाफ्ट उतरवताना सरकता दातेरी जोड वेगळा होतो. परत घालताना तो एखाद-दुसरा दात पुढे-मागे बसला, तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. गाडीखाली अंधारात, चिखलाने माखलेल्या शाफ्टवर हा फरक दिसत नाही. कारखान्यातून येताना दोन्ही बाजूंना बाणाच्या किंवा ठोक्याच्या खुणा केलेल्या असतात. वीस वर्षांच्या गंजाखाली त्या दडलेल्या असतात. तारेच्या ब्रशने घासून त्या शोधाव्यात. सापडल्या नाहीत तर शाफ्ट सपाट जागेवर ठेवून दोन्ही योकांच्या टोप्यांमधून एकेक सरळ सळई धरून पाहावं. एका टोकाकडून बघताना दोन्ही सळया एकमेकींवर तंतोतंत पडल्या पाहिजेत. काही मोजक्या गाड्यांत कंपनीने मुद्दाम वेगळी मांडणी ठेवलेली असते, तिथे गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल सांगेल ते खरं. आणि यापुढे शाफ्ट सोडण्याआधी प्रत्येक जोडावर पांढऱ्या पेंटची रेघ मारून घ्या. काही सेकंदांचं काम आहे.

दुसरी गोष्ट सर्क्लिपची. टोप्या जागेवर धरणाऱ्या या चकत्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बसली, तर क्रॉस किंचित एका बाजूला सरकतो. त्याच्याबरोबर अख्खा जड शाफ्ट मधल्या अक्षापासून सरकतो. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक बोटाला कळत नाही, साठच्या वेगाला कळतो.

बसवल्यावर ग्रीस भरताना चारही टोप्यांच्या सीलमधून ते बाहेर यायला हवं. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडी आहे आणि काही महिन्यांत तीच जाणार. जुना क्रॉस तपासतानाही तिथेच बघा. सीलभोवती विटकरी रंगाची कोरडी भुकटी जमली असेल, तर आतल्या सुया गंजून दळल्या जात आहेत. खेळ हाताला जाणवत नसला, तरी असा क्रॉस बाद धरावा.

‘शाफ्ट बॅलन्स करून आणला, तरी तेच’

बॅलन्स म्हणजे नळीचं वजन तिच्या अक्षाभोवती सारखं वाटलेलं असणं. नळीवर एका बाजूला ५० ग्रॅम जास्त आहेत आणि ते अक्षापासून ५ सेंटिमीटरवर आहेत असं धरा. ताशी ३० ला शाफ्ट ९०० फेऱ्यांवर असतो, तेव्हा ते सव्वादोन किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतात. ६० ला हाच जोर ९ किलो होतो आणि ८० ला १६. वेग दुप्पट, जोर चौपट. चाळीसपर्यंत शांत असलेली गाडी साठला अचानक का बिघडते, त्याचं उत्तर यात आहे. आणि हे ५० ग्रॅम कुठून येतात? नळीला चिकटलेलं डांबर, वाळलेला सिमेंटचा गिलावा, किंवा गळून पडलेली बॅलन्सची पट्टी. नळीवर टोकाजवळ वेल्डच्या दोन-तीन ठिपक्यांमध्ये चौकोनी स्वच्छ डाग दिसला, तर तिथली पट्टी गेली आहे. शाफ्ट धुऊन पाहणं ही पहिली दुरुस्ती आहे, आणि तिला पाणी तेवढं लागतं.

पण मशीनवर नीट बॅलन्स केलेला शाफ्ट गाडीत पुन्हा थरथरतो, तेव्हा तो ज्याला बोल्टने जोडलाय त्याच्याकडे पाहायला हवं. पिनियनच्या आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर फ्लँज, म्हणजे बोल्टाची गोल तबकडी असते. ती वाकलेली असेल, तिच्या कडेला गंजाचा पापुद्रा असेल किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं असेल, तर अचूक बॅलन्स केलेला शाफ्टसुद्धा वाकडाच फिरणार. डायल गेज नावाचं घड्याळासारखं मापक चुंबकाने चेसिसला लावायचं, त्याची सुई फ्लँजला आणि मग नळीला टेकवायची, आणि मागची चाकं उचललेली असताना शाफ्ट हाताने हळू फिरवायचा. नळीवर काटा पाव मिलिमीटरपेक्षा बराच पुढे जात असेल, तर तो शाफ्ट बॅलन्स करण्यात अर्थ नाही, आधी सरळ करावा लागेल. नळीला पोचा असेल तर तीच बदलावी.

डायल गेज नसेल तर एक सोपी युक्ती आहे. मागचा फ्लँज सोडून शाफ्ट अर्धी फेरी फिरवून पुन्हा बोल्ट करा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाला चालवून पाहा. थरथर स्पष्ट वाढली किंवा कमी झाली, तर शाफ्ट आणि फ्लँज या दोघांच्या थोड्या-थोड्या चुका आधी एकमेकींत मिसळत होत्या. काहीच फरक पडला नाही, तर त्या जोडाला दोष देणं थांबवा.

मिस्त्री लोक नळीवर होज क्लॅम्प आवळून त्याचा स्क्रू वजनासारखा वापरतात. तेही निदानासाठी चांगलं आहे. स्क्रू चार दिशांना पाळीपाळीने ठेवायचा. एखाद्या दिशेला थरथर लक्षणीय घटली, तर बॅलन्सचा दोष पक्का. चारही दिशांना काहीच बदललं नाही, तर नाही. मात्र क्लॅम्पवर गाडी कायमची चालवू नका. हे सगळं करताना जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेले असले पाहिजेत, गाडी उचलली असेल तर ती जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर हवी, आणि शाफ्ट इंजिनच्या जोरावर फिरत असताना गाडीखाली कुणीही असता कामा नये. सैल कपडा शाफ्टमध्ये अडकला, तर हात सोडवायला वेळ मिळत नाही.

‘रिकामी ठीक चालते, भरली की थरथरते’

किंवा नेमकं उलट. दोन्ही वेळा गाडी सांगतेय की दोष कोनात आहे, कारण वजनाने बॅलन्स बदलत नाही, कोन बदलतात.

जुन्या ट्रकच्या कमान पाट्यांचा इतिहास प्रत्येक गाडीगणिक वेगळा असतो. पाटे बसले म्हणून दोन पाटे वाढवलेले असतात. एका बाजूचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल किंचित सरकलेला असतो. अ‍ॅक्सल आणि पाट्यांमधली पाचर काम करताना उलटी बसलेली असते. यातल्या प्रत्येकाने पिनियनचं तोंड वर किंवा खाली झुकतं, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत ही अट मोडते.

मोजायला डिजिटल अँगल मीटर लागतो. नाहीच मिळाला तर फोनमधलं लेव्हल मापक ढोबळ काम भागवतं. सपाट फरशीवर गाडी उभी करून गिअरबॉक्सचा फ्लँज, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज यांचा कल मोजायचा आणि शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करायची. चौघांचाही कल एकाच दिशेला, मागे उतरता आहे असं समजू. गिअरबॉक्स ३ अंश, पुढचा शाफ्ट ४, मागचा ७ आणि पिनियन साडेचार. म्हणजे तीन सांधे १, ३ आणि अडीच अंशांत वाकलेत. मागच्या शाफ्टच्या दोन टोकांत अर्ध्या अंशाचा फरक, गाडी सुखात चालेल. आता पाचर उलटी बसून पिनियन अर्ध्या अंशावर आला, तर शेवटचा सांधा साडेसहा अंशांत जातो. त्याच शाफ्टच्या पुढच्या टोकाचा मात्र ३ वरच आहे. या गाडीत कितीही नवे क्रॉस टाका, थरथर जाणार नाही. मोजमाप एकदा रिकाम्या गाडीचं आणि एकदा नेहमीच्या वजनाचं, दोन्ही घ्या. गाडी ज्या अवस्थेत जास्त चालते, त्या अवस्थेत कोन जुळले पाहिजेत.

भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना खालून ‘धडधडधड’ होतं आणि वेग घेताच थांबतं, ती वेगळी भानगड. जोर लागताना पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं. त्यातून मधल्या सेंटर बेअरिंगवर आडवे धक्के बसतात. रबर फाटलं असेल तर ते धक्के थेट चेसिसला कळतात. रबर बदला, पण सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली असलेली पॅकिंगची पट्टी नेमकी तेवढीच परत घाला. ती निरुपयोगी समजून फेकून देण्याची चूक फार होते. तिच्या जाडीवर त्या ठिकाणचा कोन ठरलेला असतो. बेअरिंग बदलल्यावर पहिल्याच दिवशी नवी थरथर आली, तर जुन्या भंगारात ती पट्टी शोधा.

‘गाडी जुनी आहे, एवढं चालायचंच’

नाही, चालायचं नाही. थरथर पुढचं नुकसान तयार करते. पिनियनचं ऑइल सील वारंवार गळणं, गिअरबॉक्सच्या शेपटाचं बेअरिंग जाणं, सेंटर बेअरिंग वर्षात दोनदा बदलावं लागणं, फ्लँजचे बोल्ट आपोआप ढिले होणं: हे वेगवेगळे खर्च वाटतात, पण मूळ एकच असतं.

आणि टोकाची गोष्ट. क्रॉस तुटून शाफ्ट सुटला, तर इंजिनचा आणि चाकांचा संबंध संपतो. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना ड्रायव्हर खालच्या गिअरवर गाडी धरून ठेवतो. ती धरच निघून जाते आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. गरगरणारी सुटी नळी हवेचा पाइप तोडू शकते. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून शाफ्टखाली सुरक्षेची पट्टी असेल तर ती दुरुस्तीत काढून ठेवू देऊ नका.

ड्रायव्हरच्या पाठीचाही विचार करा. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला ४ ते ८ या दरम्यानच्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. माणसावरच्या कंपनांचं आंतरराष्ट्रीय मानकही हाच पट्टा नाजूक मानतं. आपल्या हिशेबात साठच्या वेगाला चाकाचा आकडा काय होता? ५. वाकडी रिंग आणि बसकी सीट यांवर रोज आठ-दहा तास काढणाऱ्याची कंबर त्या आकड्यावर झिजते. मालकाने हा खर्च भागांच्या बिलात धरलेला नसतो, पण तो कुणीतरी भरतच असतो.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, म्हणून ‘पासिंग झालंय, म्हणजे ठीक आहे’ असं समजणारेही आहेत. पण त्या तपासणीत गाडी भरून महामार्गावर साठला कुणी पळवत नाही. हा दोष तिथे दिसण्याचा संबंधच नाही.

गॅरेजमध्ये जाताना

‘गाडी थरथरते’ एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून न्या: कोणत्या वेगाला सुरू होते, कोणत्या वेगाला सगळ्यात जास्त, गिअर बदलल्यावर काय झालं, क्लच दाबल्यावर काय झालं, भरलेली की रिकामी, फोनने कोणता आकडा दाखवला, आणि थरथर सुरू होण्याआधीचं शेवटचं काम कोणतं. शेवटचा मुद्दा सोडू नका. पाटे भरणे, क्लच प्लेट टाकणे, शाफ्ट उतरवणे यांपैकी काही त्या आधीच्या आठवड्यात झालं असेल, तर तिथूनच शोध सुरू करा.

चांगला मिस्त्री हा कागद बघून नाराज होत नाही, त्याचं काम सोपं होतं. एका वेळी एकच बदल करायला सांगा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, तेवढंच वजन घेऊन, त्याच वेगाला चाचणी घ्या. तीन भाग एकदम बदलले आणि थरथर गेली, तर कशाने गेली हे कळत नाही, आणि ती परत आली की शोध पुन्हा पहिल्यापासून. जिद्दी थरथरीत बहुतेकदा दोन दोष एकत्र असतात, एक कोनाचा आणि एक बॅलन्सचा. पहिला काढल्यावर ती निम्मी होते. तेव्हा ‘फरक नाही’ म्हणून केलेलं काम उलटवू नका. फोनचा आकडा पाहा. ६० चा ठेका जाऊन फक्त ३० चा उरला असेल, तर अर्धं काम बरोबर झालंय.

काम झाल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट आणि फ्लँजचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळून घ्या, कारण नवे बसवलेले जोड थोडे बसतात. आणि जुळलेल्या कोनांचे आकडे, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे, ऑइल पेंटने केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसरा मिस्त्री गाडीखाली शिरेल, तेव्हा त्याच्याकडे निदान ते आकडे तरी असतील.